आईला कॅन्सर होऊन गेलाय, मग अल्झायमर कसा?

माजघर:
आई ७६ वर्षांची. २००९ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो सगळं निभावलं. गेल्या दिवाळीत चकलीच्या पिठात तिने तीनदा मीठ घातलं, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता मला ‘माई’ म्हणते. माई तिची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितलाय.
भावाने फॉरवर्ड पाठवलाय : ‘कॅन्सरमधून वाचलेल्यांना अल्झायमर होतच नाही, ट्यूमर सप्रेसर जीन्स (गाठ वाढू न देणारी जनुकं) राखण करतात.’ खाली पी-५३ वाढवणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात. खरं किती? आणि आईला द्यायच्या का?

पेशीवाला:
‘होतच नाही’ खोटं. ‘कमी होतो’ म्हणायला आधार आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या जुन्या पाहणीतल्या ६५ च्या पुढच्या १२७८ जणांचा हिशोब २०१२ मध्ये छापून आला. कॅन्सरमधून वाचलेल्यांत अल्झायमरचा धोका ३३ टक्के कमी निघाला, अल्झायमरवाल्यांत कॅन्सरचा ६१ टक्के कमी. पण ३३ टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे.
मी बारा वर्षं लॅबमध्ये पी-५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनाच्या मागे घालवली. मजा म्हणजे १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं, तेव्हा दहाएक वर्षं त्यालाच कॅन्सरचा गुन्हेगार समजत होते! त्याचं काम : डीएनए बिघडला की पेशीला थांबवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, नाहीच जमलं तर मारायचं. स्तनातली एक पेशी मेली तर शेजारची विभागून जागा भरते. मेंदूतल्या चेतापेशीला ती सोय नाही, गेली ती गेली. अल्झायमरच्या मेंदूत पी-५३ वाढलेलं सापडतं. शिवाय तिथल्या काही चेतापेशी विभाजनाच्या वाटेला लागतात आणि अर्ध्यावर अडकून मरतात.
‘पीटेन’ या गाठ रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचंही तसंच : कॅन्सर अडवतं, पण मेंदूत नडू शकतं. ते गमावलं की गाठी वाढतात. पण अल्झायमरच्या उंदरांत अमायलॉइड (या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन) पीटेनला चेतापेशींच्या जोडांपाशी ओढून नेतं आणि जोड कमजोर होतात. त्याला तिथे जाऊ दिलं नाही, तर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

बिनसाखर:
मला हे आकडे पटत नाहीत. कॅन्सरवाले अल्झायमरच्या वयापर्यंत पोचतात कुठे? म्हणून कमी दिसणारच.

पेशीवाला:
रास्त शंका. म्हणून त्या पाहणीवाल्यांनी पक्षाघातही मोजला. नुसतं लवकर जाणं हे कारण असतं, तर तोही कमी दिसायला हवा होता. तंबाखूशी निगडित कॅन्सरवाल्यांत तो दुपटीहून जास्त निघाला, अल्झायमर मात्र कमीच. अल्झायमरवाल्यांत कॅन्सर कमी, ही दुसरी बाजू मला स्वतःलाही खटकते : विसरायला लागलेल्या बाईची मॅमोग्राफी करतंय कोण? तपासलंच नाही तर कॅन्सर दिसणार कसा!
माजघर, कॅप्सूल नको. समजा ती खरंच पी-५३ वाढवते, तर आईच्या मेंदूत आधीच वाढलेलं असू शकतं, त्यात आणखी भर कशाला? हळद आमटीत घाला.

माजघर:
भावाला हा धागा पाठवला. त्याने बाटली आधीच मागवली होती. आईने ती तांदळाच्या डब्यात ठेवून दिली, चार दिवसांनी सापडली. सील तसंच आहे.
मॅमोग्राफीचं वाचलं आणि फाइल काढून बसले. शेवटची २०२१ ची आहे.