विवेकवादी मुलांच्या गटाला कॉलेजात वर्ग द्यावा की नाही?

कृष्णाकाठ (धागाकर्ती): साताऱ्यात शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यात जट होती. ओढणीखाली झाकायची, मान सतत एका बाजूला कललेली. घरचे म्हणायचे, देवीची आहे, कापली तर कोप होईल. तिच्या तीन मैत्रिणी सहा महिने तिच्याशी, मग तिच्या आईशी बोलत राहिल्या. शेवटी आईच म्हणाली, काढा.

त्याच मुलींनी दर शनिवारी तासभर बसायला वर्ग मागितला. त्यांच्यात देव मानणारे आहेत, न मानणारे आहेत, अजून न ठरवलेलेही आहेत. "वाद नको" म्हणून अर्ज परत आला. गणपतीत त्याच वर्गात आरतीची तालीम होते, त्याला माझी ना नाही. मग यांनाच का नको?

मिरजकर: मॅडम, जट काढली हे उत्तमच. त्यासाठी अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) आहे की. कॉलेजात असा गट झाला की उद्या प्रत्येक धर्माचा गट वर्ग मागणार. आणि माझी आई दरवर्षी वारीला जाते. नातवाने सुट्टीत घरी येऊन तिला अडाणी म्हटलं तर?

खटाववाला: कर्ज काढून पोरं शिकायला पाठवलीत. आधी परीक्षा होऊ द्या.

कृष्णाकाठ: आजीला अडाणी म्हणणाऱ्या पोराला मी स्वतः उभं करीन. पण वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून 1976 पासून संविधानात आहे, कलम 51 क. कॉलेजात ते कुठे जोपासायचं, फक्त प्रयोगशाळेत? अंनिसचे डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच, साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकले, मिरजेत डॉक्टर झाले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्यानंतर झाला. त्यांच्याच गावात मुलांना प्रश्न विचारायला तासभर जागा मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

कराडची विद्यार्थिनी: मी देव मानते. तरी अशा गटात जाईन. घरी शंका काढली की विषय बदलतात, आणि मैत्रिणींत काढली तर भांडण होतं.

मिरजकर: बरं, एखादे सर किंवा मॅडम समोर बसणार असतील आणि दार सगळ्यांना उघडं असेल, तर माझा विरोध थोडा कमी होईल. पण बाहेरचे वक्ते नकोत. तिथूनच राजकारण शिरतं.

कृष्णाकाठ: शिक्षक बसवा, मीच बसते. पण बाहेरच्यांना बंदी मान्य नाही. त्या मुलीच्या आईशी कसं बोलायचं, देवीचं नाव निघालं की आवाज न चढवता ऐकून कसं घ्यायचं, हे या पोरींना एका बाहेरच्या कार्यकर्तीनेच शिकवलं होतं.