लेझरने रंग जाळून केलेल्या पीसीबीवर तांब्याचे ठिपके का राहतात?

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे ४० वॅटचे कार्बन डायऑक्साइड लेझर कटर आहे. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग जोडणारा सर्किट बोर्ड) बनवण्यासाठी कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा पातळ थर चिकटवलेल्या, बोर्डाला मॅट काळ्या स्प्रे रंगाचे दोन हात दिले, ट्रॅकच्या (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) मधला रंग लेझरने जाळला आणि बोर्ड तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये ठेवला. अर्ध्या तासानंतरही ०.३ मिलिमीटरच्या फटींत तांब्याचे ठिपके तसेच होते आणि तोवर बारीक ट्रॅक मात्र कडेने खाल्ले गेले. लेझरची शक्ती वाढवली तर थेट तांबेच कापता येईल का?

उत्तर १
तो विचार सोडून द्यावा. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते, आणि तिचा जवळजवळ सगळा प्रकाश तांबे परतवून लावते. शक्ती वाढवल्याने फटीच्या कडेचा रंग तेवढा भाजून सुटेल. आपली खरी अडचण रंग जळाल्यावर मागे राहणाऱ्या पातळ पापुद्र्याची आहे. नुसत्या डोळ्यांना तांबे उघडे वाटते, पण भिंगातून पाहिल्यास त्यावर तपकिरी झाक दिसते. मी लेझर दोनदा फिरवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ टूथब्रशने फटी हलक्या हाताने घासतो आणि मग बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये दहा-पंधरा सेकंदच बुडवून, धुऊन पाहतो. जिथे तांबे लगेच गुलाबी आणि निस्तेज झाले तिथे ते स्वच्छ आहे. जिथे अजून चकाकते तिथे पुन्हा घासावे. ही तपासणी कृपया टाळू नये. थिनर मात्र एचिंग (द्रावणाने उघडे तांबे विरघळवणे) संपेपर्यंत दूर ठेवावा, कारण त्याने ट्रॅकवरचा रंगही निघतो.

उत्तर २
टोनर ट्रान्स्फरची (कागदावर छापलेले सर्किट इस्त्रीने बोर्डावर उतरवण्याची) सवय असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इस्त्रीने छाप उलटतो, लेझरने उलटत नाही. त्यामुळे किकॅड या सर्किट बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमधून बोर्डाच्या खालच्या बाजूचा थर मिरर (आरशासारखा उलटा) करूनच घ्यावा लागतो. बोर्डावरची अक्षरे सुलट वाचता आली, तर थर बरोबर आहे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. दहा सेकंदांच्या तपासणीत एक अख्खा कोपरा चकाकताना दिसला. तो पुन्हा घासल्यावर सगळ्या फटी स्वच्छ निघाल्या. वापरलेले द्रावण कुठे टाकावे?

उत्तर १
मोरीत मुळीच ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे पाण्यातल्या जीवांना घातक असते. प्लॅस्टिकच्या बादलीत, मोकळ्या हवेत, धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालावा, कारण फेस जोरात येतो. तळाशी बसलेला गाळ गाळून वाळवावा आणि बंद डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा.