मदत हवी आहे: विहीणबाईंकडून पाय धुवून घ्यायचे नाहीयेत, पण सांगू कसं?

नमस्कार मंडळी, मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे मी वरमाय. आम्ही नाशिकचे, व्याही सांगलीकडचे. माणसं खरंच चांगली आहेत, देण्याघेण्याचा विषयसुद्धा निघाला नाही, खर्च निम्मा निम्मा. अडलंय ते एकाच ठिकाणी. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला मुलीची आई वरमाईचे पाय धुते ना, मग हळदकुंकू, ओटी वगैरे, तर त्या माझे आणि माझ्या जावा-नणंदा, मावशी सगळ्यांचेच धुणार आहेत म्हणे. यादी मागितलीये, नऊ बायका झाल्या!

मला हे नकोय. तत्त्वबित्त्व बाजूला ठेवा, १९९१ ला माझ्या लग्नात माझी आई अशीच एकेका पाटासमोर वाकत गेलेली मी बघितलीये, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं तिच्या, आणि सासरच्या एका बाईंनी "पाणी गार आहे हो" म्हणून पाय मागे घेतला. आई हसली आणि तांब्या घेऊन गरम पाणी आणायला गेली. ते हसणं माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. आता या विहीणबाई तर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, त्यांनी माझ्या पायाशी बसायचं?

फोनवर एकदा सहज म्हटलं, ते पाय धुणं नको हं, तर म्हणाल्या, "असं कसं, तुमचा मान आहे तो, आम्ही काही कमी पडू देणार नाही." दुसऱ्यांदा जरा जोर देऊन म्हटलं तर त्यांचा आवाजच पडला आणि रात्री मुलीचा माझ्या मुलाला मेसेज, आई कशावरून नाराज आहेत का. घ्या! आपल्याकडे वरमाईच्या रुसण्याची एवढी सवय झालीये सगळ्यांना की ती नुसतं नको म्हणाली तरी रुसलीच समजतात.

आमच्या नणंदबाईंचं वेगळंच, "तुला नको तर नको, आमचा मान का घालवतेस". पायाला इसब झालाय असं सांगावं इथपर्यंत डोकं चाललं, पण दुसऱ्या दिवशी जोडवी-पैंजण घालून तेच पाय सगळ्यांना दिसणार. कुणी हे न दुखावता टाळलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १
फोनवर नको, प्रत्यक्ष जा आणि आईचा किस्सा त्यांना अस्साच सांगा जसा इथे लिहिलाय. नुसतं नको म्हटलं की नकार वाटतो, कारण कळलं की माणूस ऐकतो. आणि जागा रिकामी ठेवू नका, आमच्याकडे दोघी विहिणींनी एकमेकींना हळदकुंकू लावून एकमेकींची ओटी भरली, अत्तर, गुलाबपाणी, फोटोपण झकास आले. गुरुजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी ते "आता पाय धुवा" म्हणतात आणि सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद २
सीमांत म्हणजे गावाची शीव, लांबून धुळीतून आलेल्या वऱ्हाडाचं तिथे स्वागत व्हायचं. तुम्ही एसी बसने येणार, कसली धूळ! शास्त्राचं म्हणाल तर आश्वलायन गृह्यसूत्रात मधुपर्क, म्हणजे मानाच्या पाहुण्याला स्वागताला देतात ते दही-मध, ज्यांना द्यायचा त्यात राजा, आचार्य यांच्याबरोबर सासराही आहे. म्हणजे मुलीच्या बापाचाही मान आहेच की, हे नणंदबाईंना जरूर ऐकवा.

प्रतिसाद ३
मी उलट बाजूची, मुलीची आई. आमच्या विहीणबाई नको म्हणाल्या तेव्हा मला आधी वाईटच वाटलं, वाटलं आमच्या हातचं चालत नाही की काय. त्यांना करू दे हो काहीतरी, निदान फुलाने पायावर पाणी शिंपडू दे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ताई, "आमच्या हातचं चालत नाही" हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. रविवारी सांगलीला जातेय, ओटीचं सामान घेऊनच. फुलाचं पाणी चालेल, पण मग मीही त्यांच्या पायावर शिंपडणार. नणंदबाईंचं काय करायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही, कुणाला सुचलं तर लिहा.