कम्युनिटी सर्व्हिस = समाजसेवा? (वाद झालाय, मदत हवी)

कोरा कागद: कायदेविषयक शिबिरासाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, तेव्हापासून फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड यांच्या पंगतीला सहावी शिक्षा येऊन बसली आहे, ‘कम्युनिटी सर्व्हिस’. मी सरळ ‘समाजसेवा’ लिहिलं. शिबिर घेणारे वकीलकाका तापले. म्हणाले, “माझ्या आईनं चाळीस वर्षं बालवाडी चालवली ती समाजसेवा, आणि दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यानं झाडू मारला तर तीही समाजसेवाच का?” हिंदीत ‘सामुदायिक सेवा’ केलंय. तेच उचलू?

तळटीप: नको. मराठीत ‘सामुदायिक’ म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं: सामुदायिक प्रार्थना, सामुदायिक विवाह. ही शिक्षा होऊ शकते असं एक उदाहरण घ्या: पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, माल परत केलाय, आणि शिक्षा म्हणून एकटा माणूस बाग झाडतोय. यात समुदाय कुठला? ‘समाजोपयोगी काम’ लिहा.

पानसुपारी: शाळेत ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ होतं ना! मेणबत्त्या करताना बोटं पोळायची. तीही शिक्षाच होती म्हणा.

बेळगावी: शब्द आहे की आपला, वेठबिगार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) कलम 23 वाचा, या कामाचा मोबदला मिळणार नाही असं स्वच्छ लिहिलंय. हुकमाचं आणि फुकटचं काम म्हणजे वेठ. सरकारी शब्दकोशवाल्यांना असले घट्ट मराठी शब्द का चालत नाहीत देव जाणे.

तळटीप: घट्ट मराठी? ‘बिगार’ फारसी आहे हो! आणि वेठबिगारीला संविधानाच्या अनुच्छेद 23 नं बंदी आहे. दोन्हीकडे 23 हा योगायोग मात्र छान.

बेळगावी: त्याच अनुच्छेदाचा खंड 2 वाचा. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला आहे. आणि फारसीचं म्हणाल तर मग ‘सक्तमजुरी’पण टाका. सक्त फारसी, मजुरी फारसी.

तळटीप: टाकलेलीच आहे. ‘सश्रम कारावास’ म्हणतात.

आटपाडीकर: म्हणत असतील तुमच्याकडे. आमच्याकडे “सक्तमजुरी लागली” असंच म्हणतात, आणि तेच जास्त खरं आहे. सक्तमजुरीच्या कैद्याला कामाचा रास्त मोबदला द्या असं सुप्रीम कोर्टानं 1998 साली गुजरातच्या प्रकरणात सांगितलंय. म्हणजे मजुरी मिळते. ‘सश्रम’मध्ये नुसते श्रम, पैसा कुठाय? शब्दांचंच बोलायचं तर आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर घ्या. 1939 मध्ये औंध संस्थानानं कैद्यांसाठी वसवलं, भिंत नाही, शेती करायची. त्याला आम्ही कधी कारागृह म्हटलं नाही, वसाहतच म्हणतो.

पानसुपारी: तुरुंगाबाहेरच्या शिक्षाच हव्यात तर पुण्याच्या पोर्श अपघातातल्या मुलाला लिहायला सांगितलेला निबंध विसरलात! 300 शब्द.

तळटीप: ती जामिनाची अट होती. शिक्षा नव्हे. शब्दचर्चा आहे, जरा शब्द सांभाळा.

पानसुपारी: सांभाळते, काका. पण आमच्या आजोबांना झालेली शिक्षा यात कुठे बसते सांगा. किराणा दुकान, वजनमापाचा खटला, गुन्हा कबूल. दंड आणि ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’. दिवसभर कोर्टातल्या बाकावर बसून राहिले, आजीनं डबा पाठवला. संध्याकाळी न्यायाधीश उठले, आजोबाही उठले आणि सगळ्यांना नमस्कार करून घरी आले. मरेपर्यंत सांगायचे, “मी एक दिवसाचा कैदी आहे.”

बेळगावी: ‘कोर्ट सुटेपर्यंत’ असं हवं. शाळा सुटते, कचेरी सुटते, कोर्टही सुटतं.

आटपाडीकर: नाही, उठेपर्यंतच. बाजार उठतो, पंगत उठते. कोर्ट उठतं म्हणजे न्यायाधीश खुर्चीवरून उठतात. सुटतो तो आरोपी!

तळटीप: इंग्रजीचं शब्दशः भाषांतर आहे ते, पण मराठीत बेमालूम मुरलंय हे मान्य. पॅरोल, म्हणजे कैद्याला मिळणारी तात्पुरती रजा, तिला काढलेला ‘अभिवचन रजा’ हा शब्द तसा मुरला नाही. पॅरोलचं मूळ फ्रेंच, अर्थ दिलेला शब्द, म्हणून अभिवचन अगदी चपखल. फर्लो ही कैद्याची दुसऱ्या प्रकारची रजा, तिला ‘संचित रजा’. तरी कैद्यांचे नातेवाईक पॅरोल-फर्लोच म्हणतात.

बेळगावी: चपखल शब्द कुणी बोलत नसेल तर तो काय चुलीत घालायचा? ‘तडीपार’ बघा. कागदावर ‘हद्दपार’ लिहिलं तरी गल्लीत तो तडीपारच. तड म्हणजे नदीचा काठ, पूर्वी गुन्हेगाराला होडीत घालून पलीकडच्या तडीला सोडत असणार.

तळटीप: ही होडी तुमच्या कल्पनेतली. तड म्हणजे कडा, शेवटही. काम तडीस नेतो तेव्हा होडीत बसतो का? शिवाय तडीपारी ही शिक्षाच नाही, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा प्रतिबंधक आदेश आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

आटपाडीकर: ज्याला जावं लागतं त्याला विचारा शिक्षा आहे की नाही.

कोरा कागद: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. वकीलकाकांना ‘समाजोपयोगी काम’ सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे इतर कैदी करतात ते समाजाला निरुपयोगी?”

पानसुपारी: मेणबत्त्या करायला लावा त्यांना.

बेळगावी: होडीचा मुद्दा अजून संपलेला नाही. आमच्याकडे घाटावरच्या म्हाताऱ्यांना विचारून सांगतो.