मुंबईची हॉकी टीम का टिकली नाही?

नाशिकरोडकर: हॉकी इंडिया लीगच्या २०१७ च्या फायनलला दबंग मुंबई ओडिशाच्या कलिंगा लान्सर्सकडून हरली आणि लीगच बंद पडली. डिसेंबर २०२४ ला लीग परत सुरू झाली, पण महाराष्ट्राची एकही टीम नाही. उपविजेत्या टीमवर ही वेळ का यावी?

देवळालीकर काका: अहो, चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमवर मी स्वतः मॅच बघितली आहे. टर्फवर पाणी मारलेलं, चेंडू सुसाट, आणि स्टँडमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मॅच संध्याकाळची. ती बघत बसलं की नाशिकला परतायची पंचवटी एक्सप्रेस चुकलीच! परदेशी खेळाडूंचे पैसे, हॉटेल, विमानं हे सगळं गेटवरच्या गल्ल्यातून निघणार कुठून? मालकाने खिशातून घालायचे, तेही किती दिवस?

सिडकोवाला: काका, २०२४-२५ ला तर एन्ट्रीच फुकट होती, गल्ला कसला!

देवळालीकर काका: तेच म्हणतोय रे. त्या वर्षी पुरुषांच्या सगळ्या मॅचेस ओडिशातल्या राउरकेला नि रांचीत झाल्या. टीम चेन्नईची, खेळली राउरकेलात. चेन्नईवाला कशाला जीव लावणार होता? बरं, ओडिशात निदान सरकार पाठीशी आहे. आपल्याकडे स्पॉन्सर म्हटलं की क्रिकेट, नाहीतर कबड्डी.

नाशिकरोडकर: म्हणजे नाशिकची टीम विसरा?

देवळालीकर काका: आधी पोरांच्या हातात स्टिक द्या, मग बोलू.