वॉशिंग्टन राज्यात कार्बन कर दोनदा पडला, मग २०२४ मध्ये कायदा टिकला कसा?

स्पोकेनकर
नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सास सोडून स्पोकेनला आलो. इथून आयडाहोची हद्द अगदी जवळ, त्यामुळे शेजारीपाजारी बरेच जण पेट्रोल भरायला तिकडे जातात. ऑफिसात कार्बनच्या कायद्याचा विषय निघाला की आवाज चढतात. एक सहकारी म्हणतो, लोकांनी कर दोनदा पाडला, तरी सरकारने तो मागच्या दाराने आणला. पण मग २०२४ मध्ये तोच कायदा रद्द करायचा ठराव आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी 'राहू द्या' असं मत का दिलं? लोकांचं मन बदललं, की मतपत्रिकेवरची भाषा फसवी होती? जुन्या रहिवाशांनी सांगावं.

पाऊसवेडी
तिन्ही वेळा मत दिलंय आणि २०१६ च्या ठरावासाठी बाजारात उभं राहून सह्याही गोळा केल्यात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

२०१६ चा ७३२ क्रमांकाचा ठराव हिशेबाने चोख होता. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १५ डॉलरपासून सुरुवात, पुढच्या वर्षी २५, आणि गोळा झालेला पैसा लोकांना परत: विक्रीकर एक टक्क्याने कमी, कमी कमाईच्या कुटुंबांना परतावा. आपल्याकडे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, विक्रीकराचा बोजा गरिबावर जास्त पडतो, म्हणून मला तो मनापासून पटला होता. पण सही करताना लोक हमखास विचारायचे, "या पैशातून बस, सोलर, काय होणार?" त्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. दुकानाच्या पावतीवर कर एका टक्क्याने उतरला, तर तो कुणाच्या डोळ्यांत भरतो? त्यात राज्याचा डेमोक्रॅटिक पक्षच विरोधात गेला आणि काही मोठ्या पर्यावरण संघटनांनी पाठिंबा दिला नाही. सुमारे ५९ टक्के विरोधात.

२०१८ चा १६३१ बरोबर उलटा. टनाला १५ डॉलर, दरवर्षी दोन डॉलर वाढ, आणि सगळा पैसा स्वच्छ ऊर्जा, पाणी, जंगलं यांवर खर्च. तेल कंपन्यांनी विरोधात तीन कोटी डॉलरहून जास्त ओतले, हे खरं. पण खर्च ठरवणार होतं एक नेमलेलं मंडळ, आणि ते लोकांना खटकलं. तोही साडेछप्पन टक्क्यांनी पडला.

२०२१ चा कायदा विधिमंडळाने केला. निवडून दिलेल्या माणसांनी उघड मतदान करून केलेल्या कायद्याला मागचं दार म्हणणं मला मान्य नाही. शिवाय तो कर नव्हे. वर्षाला २५,००० टनांहून जास्त उत्सर्जन करणाऱ्यांना परवाने घ्यावे लागतात आणि एकूण परवाने वर्षागणिक कमी होत जातात. मे महिन्यात सही झाली, जूनमध्ये सिएटलचा पारा १०८ अंश फॅरनहाइटवर गेला. इथल्या कित्येक घरांत एसी नव्हते. ते दिवस लोक विसरलेले नाहीत.

भाषेबद्दल: २०२४ च्या २११७ क्रमांकाच्या ठरावाला 'हो' म्हणजे कायदा रद्द, 'नाही' म्हणजे कायदा राहणार. घोटाळा होण्याजोगंच होतं. पण २०२२ च्या एका नियमामुळे, ठराव मंजूर झाल्यास कुठल्या कामांचा निधी घटेल, ते मतपत्रिकेवरच छापलेलं होतं. कायद्याच्या विरोधकांना ते अन्यायाचं वाटलं, मला रास्त वाटलं.

माझ्या मते निकाल फिरला तो परवान्यांच्या पैशातून लोकांच्या हातात काहीतरी पडल्यामुळे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस आणि फेरीबोट फुकट. माझा मुलगा शाळेला तसाच जातो-येतो. शेजारच्या आजींच्या वीजबिलात निवडणुकीआधी २०० डॉलर वजा झाले. त्या बिल घेऊन आमच्या दारात आल्या, ती ओळ दाखवून विचारायला की हे चुकून तर नाही ना.

याकिमाचा_मळा
पाऊसवेडी, राज्याच्या पश्चिमेकडून चित्र फार गोड दिसतं. मी इकडे पूर्वेला याकिमात सफरचंदांच्या बागांत काम करतो. शेतीच्या इंधनाला कायद्याने सूट आहे, पण २०२३ मध्ये डिझेलच्या बिलात कार्बनचा आकार लागूनच यायचा. मालकाने कितीदा फोन केले, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. २०२४ मध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी तीन कोटी डॉलर काढले, म्हणजे तक्रार खरी होती.

दुसरं, तेव्हाचे गव्हर्नर इन्स्ली सांगत होते की पेट्रोलवर किरकोळ सेंटांचा फरक पडेल. परवान्यांच्या पहिल्या लिलावात भाव निघाला टनाला ४८.५० डॉलर. एक गॅलन जाळला की जवळपास नऊ किलो कार्बन डायऑक्साइड. सगळा बोजा पंपावर टाकला तर ४३ सेंट होतात. हे आधीच सांगितलं असतं तर आम्ही निदान ऐकून घेतलं असतं. आणि त्याच मतपत्रिकेवर नैसर्गिक वायूच्या बाजूचा २०६६ हा ठराव लोकांनी थोडक्यात का होईना, मंजूर केला, तेही लिहा.

स्पोकेनकर
दोघांचेही आभार. मग कॅनडासारखे थेट पैसे परत करावेत का?

पाऊसवेडी
याकिमा, डिझेलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. सूट कागदावर द्यायची आणि पंपावर वसूल करायची, यासारखं नुकसान कुठल्याही तेल कंपनीच्या जाहिरातीने केलं नसेल. तुमचे ४३ सेंटही बरोबर. मार्च २०२४ च्या लिलावात भाव २६ डॉलरच्या आत आला, म्हणजे त्याच हिशेबाने २३ सेंट. रद्द करण्याचा ठराव पडायला त्याचाही हातभार लागला असणार.

स्पोकेनकर, कॅनडात पैसे खरंच परत मिळत होते, तरी १ एप्रिल २०२५ पासून तिथे ग्राहकांवरचा कार्बन आकार बंद झाला. तिथल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ पासूनचा आपलाही त्याच दिवशी थांबवला. खात्यात गुपचूप जमा होणारे पैसे कशाचे, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. म्हणून मी बिलावरच्या ठळक ओळीच्या बाजूने आहे.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. राज्याच्या बजेटमध्ये तूट आली की या निधीकडे हात वळणार. त्या दिवशी शेजारच्या आजींना काय सांगायचं? तुमच्या भागातल्या आमदाराला हेच विचारा, आणि कॅलिफोर्निया-क्युबेकच्या परवान्यांच्या बाजाराशी जोडणी कधी होणार तेही. मोठ्या बाजारात भाव असे हेलकावे खाणार नाहीत.