मदत हवी आहे: नागोयात पोस्टडॉक, यूआरचं (जपानच्या सरकारी भाड्याच्या घरांची संस्था) घर कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. 1 एप्रिलपासून नागोयातल्या विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणून रुजू होतोय. व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी आलंय, व्हिसाचा अर्ज मुंबईच्या वकिलातीत दिलाय. बायको आणि 3 वर्षांची मुलगी सोबतच येणार, त्यामुळे वसतिगृहाच्या एका खोलीत भागणार नाही. खाजगी एजंटांना मेल केले; त्यांना जपानी फोन नंबर आणि हमीदार कंपनी हवी, वर रेइकिन, म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम. यूआरला हमीदारही लागत नाही आणि रेइकिनही नाही, म्हणून तिकडेच ओढा आहे. पण रेसिडन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) नागोयाच्या सेंट्रेअर विमानतळावर उतरल्यावरच मिळणार आणि पगाराची पहिली स्लिप त्याहून उशिरा. जपानी जेमतेम हिरागाना या प्राथमिक लिपीपुरतं. कुटुंबासह यूआरचं घर घेतलेल्यांनी कृपया सांगा: उत्पन्नाचा पुरावा म्हणून नेमणूकपत्र चाललं का, की बँकेतली शिल्लक दाखवावी लागली? आणि किल्ली मिळेपर्यंत किती दिवसांची तात्पुरती सोय करून ठेवू?